सहानंतर आठ

पाटी ८

"बाई, सहानंतर सात येतात," मी म्हणालो.

हालिनाबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मिटलेल्या छत्रीचं टोक समोरच्या लाल विटांच्या बुरुजाकडे करून त्या सांगू लागल्या, की हे जुनं पाणीघर, याच्या भिंती अडीच हात जाड आहेत, आणि युद्धात गावातलं बरंच पडलं तरी हे उभं राहिलं.

"सात नंबर कुठे गेला?"

"बंद आहे."

"काय आहे तिथे?"

"बाग."

"बाग कशी बंद असेल?"

त्या थांबल्या. बहात्तर वर्षांची बाई, डोक्याला निळा रुमाल, गळ्यात मार्गदर्शकाचं कार्ड. "पान शेलार, तुम्ही हे असं सगळीकडेच करता?"

करतो. चौतीस वर्षं मी जमिनी मोजल्या. गट नंबर सहाला लागून आठ आला की मोजणीदार साखळी खाली ठेवतो. सात कुणीतरी खाल्लेला असतो.

तो गुरुवार होता, ऑक्टोबर संपत आलेला. शनिवारी जर्मनीहून एक म्हातारी त्या गावात येणार होती, आणि त्याआधी हालिनाबाईंना एक काम उरकायचं होतं. ते त्यांच्या एकटीच्यानं होत नव्हतं आणि गावात कुणाला सांगायची सोय नव्हती. मला हे थोड्या वेळानं कळलं.

याला आता बारा वर्षं झाली. गावाचं नाव लिहीत नाही. मला ते तेव्हाही उच्चारता येत नव्हतं.

पाटी १

मुलाकडे गेलो होतो. बायको, शालन, जाऊन वर्ष झालं होतं, मी निवृत्त झालो होतो, आणि संग्राम म्हणाला, अण्णा, तिकडे एकटे काय करता, इकडे या. इकडे म्हणजे पोलंडच्या पश्चिमेचं एक मोठं शहर, नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. तो सकाळी आठला जायचा, संध्याकाळी सातला यायचा. मधल्या वेळात माझ्याशी बोलायला लिफ्टमधली बाई. मजला सांगायची, तेही पोलिशमध्ये. तिच्यासाठी मी दिवसातून दोनदा खाली-वर करायचो.

संग्रामच्या ते लक्षात आलं असावं. एके दिवशी म्हणाला, "अण्णा, बसनं दीड तासावर एक जुनं गाव आहे. एक बाई इंग्रजीतून फिरवून दाखवतात. मी नाव घातलंय तुमचं. येताना पावणेपाचची बस. ती चुकवू नका, नंतरची थेट रात्री आहे."

गावच्या चौकात एकटी एक बाई छत्री घेऊन उभी.

"बाकीचे कुठे आहेत?" मी विचारलं.

"बाकीचे तुम्हीच." त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे चांगलं जमलं. "मी हालिना. आणि तुम्ही पान शेलार. आमच्यात पुरुषाला पान म्हणतात."

"आमच्यात पान खातात."

"मग सांभाळून राहा," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

गावात नऊ ठिकाणी काळ्या लोखंडी पाट्या बसवल्या होत्या, कमरेएवढ्या उंच, पोलिश, जर्मन आणि इंग्रजीत. एका पाटीकडून दुसरीकडे जायचं, की गाव पाहून झालं.

"मजकूर कुणाचा?"

"माझा. नऊच्या नऊ. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. एकही तारीख चुकलेली सापडणार नाही."

पाटी २

चर्च. आत थंडी बाहेरच्याहून जास्त. वेदीच्या बाजूला मेरीमातेचं एक लहानसं काळपट चित्र, त्याला मधोमध आडवी घडी पडलेली.

"हे इथलं नाही," बाई म्हणाल्या. "आम्हीही इथले नाही. युद्ध संपल्यावर सीमा सरकली. आमचं गाव पूर्वेला, दुसऱ्या देशात गेलं. आम्हाला गाडीत घालून इथे आणलं. येताना हे चित्र एका बाईनं चादरीत गुंडाळून आणलं. ती घडी त्या चादरीची."

"आम्ही देव नारळातून आणला," मी म्हणालो.

"कशातून?"

मी सांगितलं. आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. मी आठ वर्षांचा होतो. निघायच्या दिवशी गुरवानं ग्रामदेवापुढे नारळ धरला आणि देवाला विनवलं, बाबा, यात ये, आता इथे पाणी येणार. मग तो नारळ माझ्या वडिलांच्या मांडीवर ट्रकमधून कोकणात आला. नव्या गावात दुसरा दगड मांडून गुरवानं देव त्यात बसवला.

"आणि जुना दगड?"

"तो रिकामा. बुडाला तरी चालतो."

हालिनाबाई हसल्या. मग हसणं अर्धंच राहिलं. "तुमचं सोपं आहे," त्या म्हणाल्या. "आमचे दगड रिकामे होत नाहीत."

पाटी ३

नगरपालिकेचा मनोरा. एकशे एकतीस पायऱ्या. बाई खाली बाकावर बसल्या, मी वर गेलो. वरून गाव कागदावर काढल्यासारखं दिसत होतं. नदी, चौक, कौलं. एका गल्लीच्या टोकाला झाडांमधे हिरवा तुकडा, त्यात दगड ओळीनं उभे, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे. मला तो नंतर आठवला.

पाटी ४

इथे काय होतं ते मी पाहिलं नाही. संग्रामचा फोन होता.

"अण्णा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"पाव."

"बाई बऱ्या आहेत ना?"

"तुझ्या लिफ्टमधलीपेक्षा बऱ्या. ही उत्तर देते."

"अण्णा..." तो म्हणाला. मग, "बस चुकवू नका."

पाटी ५

एका रांगेतली दुमजली घरं. पाटीवर लिहिलं होतं, की १९४५ पर्यंत इथे जर्मन विणकर राहत. ते गेले. मग पूर्वेकडून आलेली कुटुंबं राहू लागली.

"गेले म्हणजे?"

"घालवले. एक पेटी न्यायची मुभा होती." बाईंनी छत्रीनं दाखवलं. "ते पिवळं दार आमचं. मी पाच वर्षांची होते. स्वयंपाकघरात चिनी मातीचे डबे होते, जर्मनमध्ये नावं लिहिलेले. आईला ते वाचता येईनात. तिनं साखरेच्या डब्यात मीठ भरलं. सवय झाली. मी आजही साखरेच्याच डब्यात मीठ ठेवते."

"बदलायचं की."

"मग मीठ कुठे सापडेल?"

चार पावलांवर त्यांनी विचारलं, "तुम्ही नव्या गावात गेलात, ती जमीन कुणाची होती?"

"सरकारी. पडीक. कुणाचीच नव्हती."

"हं," त्या म्हणाल्या. "आम्हालाही असंच सांगितलं होतं."

पाटी ६

गिरणीचा पूल. चाक गेलं, पूल राहिला.

पाटी ७

पाणीघरापाशी मी हट्टच धरला. मला काय झालं होतं कोण जाणे. परक्या गावातल्या परक्या बाईशी वाद घालायचं माझं वय नव्हतं. पण महिन्याभरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी भांडत होतं.

"मी पैसे नऊ पाट्यांचे दिलेत."

"तुमच्या मुलानं दिलेत."

"म्हणजे तोही विचारणार."

त्यांनी घड्याळ पाहिलं. तीनला पाच कमी. मग वळल्या आणि बाजूच्या गल्लीत शिरल्या.

बागेला फाटकच नव्हतं, बंद काय असणार. लिंडनच्या झाडांच्या पिवळ्या पानांत चाळीसेक थडग्यांचे दगड उभे होते, जर्मन नावांचे. काही फुटके, काहींवर अजून सिमेंट चिकटलेलं. सात नंबरची पाटी मी वाचली. युद्धानंतर इथलं जर्मन कब्रस्तान ओसाड पडलं, सत्तर साली ते सपाट केलं, दगड लोकांनी उचलून नेले, कुणी अंगणात, कुणी गोठ्यात वापरले. पुढे गावाला उपरती झाली. शेवटचं वाक्य असं: 'या गावाच्या नागरिकांनी आपापल्या घरचे दगड इथे परत आणून दिले.'

"चांगलं काम केलं गावानं," मी म्हणालो.

"पान शेलार, तुम्ही पावणेपाचच्या बसनं जाणार?"

"हो."

"परत कधी येणार?"

"कशाला येतोय?"

"म्हणून सांगते." त्या ओल्या बाकावर बसल्या. हातरुमाल काढला, पण तो हातातच राहिला. "माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला एक पायरी आहे. माझ्या नवऱ्यानं बसवलेली, चौऱ्याहत्तर साली. दगड त्यानं पालथा घातला. पण पालथा घालायच्या आधी मी वाचला होता. लहान मुलाचा आहे. उवे. तीन वर्षांचा. एवढंसं नाव, विसरता येत नाही."

"मग आणून का नाही दिलात?"

"सगळ्यांनी दिले तेव्हा नवरा आजारी होता. मग तो गेला. दगड माझ्यानं हलेना. कुणाला तरी बोलवायचं, तर सांगावं लागणार. आणि तोवर हे मी लिहून बसले होते." त्यांनी पाटीकडे पाहिलंही नाही. "उन्हाळ्यात एक पत्र आलं. त्या मुलाची बहीण. एकोणऐंशी वर्षांची. विचारत होती, माझ्या भावाचा दगड सापडलाय का."

"काय कळवलंत?"

"नाही म्हणून कळवलं. मला वाटलं, संपलं. ती म्हणते, नसू दे, मी नुसती जागा बघायला येते. शनिवारी येतेय. मीच फिरवणार आहे तिला. नऊ पाट्या."

मी घड्याळ पाहिलं. "घरी पहार आहे का?"

"काय?"

मी हातानं करून दाखवलं.

"आहे."

"आणि ढकलगाडी?"

"शेजाऱ्याची आहे. विचारेल, कशाला हवी."

"सांगा, एक भारतीय आलाय, त्याला बटाटे हवेत."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या, की झाडावरचा कावळा उडाला.

पायरी डाव्या अंगाला दोन बोटं खचली होती. चाळीस वर्षं त्याच बाजूनं कुणी तरी पाय देत आलं होतं. मी कोट काढला, कडेचं सिमेंट पहारेनं फोडलं, खालून पाचर मारली. बाई दुसऱ्या टोकाला लाकडी ठोकळा सरकवत होत्या. एकदा माझा हात सुटला तेव्हा मी आईवरून एक शिवी दिली. त्यांनी विचारलं, "प्रार्थना?" मी म्हटलं, "तसलंच."

दगड उठला. खाली ओली माती, आणि त्या मातीत अक्षरं उलटी उमटलेली. आरशातल्यासारखी. बाई दगडाकडे न बघता त्या मातीकडेच बघत राहिल्या.

बागेत दगड उभा करताना मला एक सवय नडली. मी ओळ धरली, शेजारच्या दोन दगडांतलं अंतर पावलांनी मोजलं, आणि मगच खड्डा घेतला. मग बाहीनं अक्षरं पुसली. उवे. १९३६–१९३९. हात का जोडले गेले ते माहीत नाही.

बाई माझ्याकडे पाहत होत्या.

पाटी ९

शेवटची पाटी रेल्वे स्टेशनवर. पूर्वेकडच्या गाड्या इथेच येऊन थांबल्या होत्या. बस समोरूनच सुटते. वीस मिनिटं होती. माझ्या नखांत सिमेंट भरलेलं. बाईंनी पिशवीतून सफरचंद काढलं, चाकूनं अर्धं केलं.

"मला एक सांगा," त्या म्हणाल्या. "बागेत तुम्ही हात जोडलेत. ते उवेसाठी नव्हते."

"आमच्यात जोडतात. सगळीकडे जोडतात."

"पान शेलार, तुमच्या अंगणात कुणाचा दगड आहे?"

"मला अंगणच नाही," मी म्हणालो. "मी फ्लॅटमध्ये राहतो. नवव्या मजल्यावर."

त्यांनी चाकू मिटला. सफरचंदाचा उरलेला अर्धा भाग रुमालात बांधून माझ्या खिशात ठेवला. बस आली. खिडकीतून पाहिलं तर त्या पाटीला टेकून उभ्या होत्या, आणि हात हलवत नव्हत्या.

त्या बाईनं आपलं चाळीस वर्षांचं गुपित माझ्यापुढे ठेवलं होतं, आणि मी तिला एक मजला सांगून आलो.

पाटी नसलेली जागा

आता सांगतो.

कोकणात आम्हाला मिळालेल्या जमिनीत पूर्वेच्या बाजूला एक सपाट दगड होता, शेंदूर लावलेला. वरच्या वाडीवरच्या कातकऱ्यांचा देव. आम्ही यायच्या आधी त्या माळावर त्यांची नाचणी व्हायची. वडील असेपर्यंत त्या दगडाला कुणी हात लावला नाही. ते गेले. मग माझं लग्न ठरलं. नव्या नवरीला आंघोळीला आडोसा हवा म्हणून मी न्हाणी बांधली. तळाला घालायला एक चांगला सपाट दगड हवा होता. शेंदूर राखेनं घासला. निघाला.

त्या शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी चाहू हिलम आला. वाडीवरचा म्हातारा, उघडा, खांद्यावर कोयता. कुंपणाबाहेर उभा राहून न्हाणीकडे बघत काहीतरी पुटपुटत होता.

"काय रे, काय पाहिजे?"

"काय नाय, दादा. उभा हाय."

"जमीन आमच्या नावावर आहे. सातबारा दाखवू?"

"मला कुठं वाचता येतंय," तो म्हणाला, आणि पुटपुटणं संपवून गेला.

दुसऱ्या वर्षीही आला. तिसऱ्या वर्षी मी म्हणालो, परत इथे दिसलास तर पोलीस पाटलाला बोलावीन. मला वाटायचं, हा हक्क सांगायला येतो. मी मोजणी खात्यातला माणूस, वहिवाट कशी लावतात ते मला ठाऊक. चौथ्या वर्षी तो ओढ्यापलीकडे उभा राहिला. तिथून कुंपण दोनशे फूट. पुढे माझी बदली झाली, पण शिमग्याला घरी यायचो तेव्हा तो दिसायचा, दर वर्षी आणखी वर, शेवटी टेकडीच्या धारेवर, काडीएवढा. मग दिसेनासा झाला. न्हाणीला मी पुढे सिमेंट केलं, वर फरशी बसवली. दगड खाली राहिला. संग्राम त्यावरच न्हाऊन मोठा झाला.

शालनला हे माहीत नव्हतं. संग्रामला आजही नाही.

पोलंडहून मी ठरल्या दिवसाच्या तीन महिने आधी परतलो. संग्राम म्हणाला, अण्णा, एवढी काय घाई? मी म्हटलं, न्हाणीची दुरुस्ती काढायचीय. तो चिडला. 

घरी पोचल्यावर चार दिवसांनी पाकीट आलं. हालिनाबाईंचं, संग्रामकडून पत्ता घेऊन पाठवलेलं. आत सात नंबरच्या पाटीचा फोटो आणि मागे चार ओळी. 'ती आली. दगड पाहिला. विचारलं, इतके दिवस कुठे होता? मी सांगितलं. ती म्हणाली, मला ते दार दाखव. दार पाहिलं, मग चहा प्यायली. चहात मीठ पडलं, कारण मी घाबरले होते.' फोटोत पाटीवरच्या शेवटच्या वाक्याखाली नव्यानं एक ओळ कोरलेली होती: 'शेवटचा दगड हा मजकूर लिहिणारीनं आणला.'

मी फरशी फोडली. दोन दिवस लागले. शिकाऊ असताना सरावासाठी मी आमच्याच जमिनीचा नकाशा काढला होता, आणि त्यात दगडाची खूण घातली होती. पूर्व बांधापासून अकरा मीटर चाळीस. फीत धरली आणि दगड होता तिथे, होता तसा मांडला. बोटभराचाही फरक नाही. शिमगा येईपर्यंत थांबलो. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी मीच टेकडी चढलो.

चाहूच्या झोपडीपुढे त्याची मुलगी बुधी मोहाची फुलं वाळत घालत होती. केस पांढरे झालेले. चाहू जाऊन पंधरा वर्षं झाली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दगड, न्हाणी, फरशी, फीत.

"परत मांडला?" ती म्हणाली. "कशाला?"

"तुमचा देव आहे."

"त्यात कुठं हाय देव." तिनं हनुवटीनं झोपडीमागे दाखवलं. करंजाखाली एक दगड, ताज्या शेंदरानं भरलेला. "तुमी हात लावलाव, त्याच साली बा नं त्याला वर आनला. नारळातनं. तुमच्यात नाय आनत?"

"आणतात."

"मंग. तुमचा त्यो नुसता धोंडा."

मी खाली बसलो. चढणीनं दम लागला होता.

"मग तो दरवर्षी येऊन उभा का राहायचा?"

"बा?" तिनं फुलं दोन्ही हातांनी पसरली. "तुमच्यासाठी. म्हनायचा, घरात नवी नवरी आलीय, उद्या लेकरू व्हईल, आन् देवाच्या जाग्यावर आंघोळी करत्यात. त्यांना ठावं नाय, आपल्याला ठावं हाय. मंग देवाला कोन सांगनार, कोप करू नको म्हनून? म्हनून जायाचा. तुमी हाकललाव तरी जायाचा. लांबनं सांगायचा."

खाली आमचं छप्पर दिसत होतं. त्याच्या बाजूला, इथून तिळाएवढा, मी मांडलेला दगड.

"लेकरू झालं नव्हं?" तिनं विचारलं.

"झालं. मुलगा."

"कुठं असतो?"

"पोलंडला."

ते कुठे आहे, हे तिनं विचारलं नाही. एक फूल उचलून बाजूला टाकलं, किडकं होतं.

"सुखरूप हाय?"

"आहे."

"मंग झालं," बुधी म्हणाली.